ज्याचं यंत्र, त्याचा हात

काच पुसणाऱ्याच्या हातातलं फडकं दिसलं आणि सचिवाचा पाय फिरत्या दारात अडकता अडकता राहिला. ऑफिसच्या तळमजल्यावरची ती मोठी काच रोज सकाळी पुसली जायची, रोज तो तिच्यासमोरून जायचा आणि रोज त्याचं तिच्याकडे लक्ष नसायचं. आज गेलं, कारण काचेवर गोल गोल फिरणारं फडकं हिरवं होतं आणि त्या हिरव्यावर पांढऱ्या अक्षरांत 'त्याचा हात' एवढंच वाचता येत होतं. उरलेलं पुसणाऱ्याच्या मुठीत होतं. सचिवाला ते वाचायची गरज नव्हती. ती अक्षरं त्यानेच छापून घेतली होती, छपाईवाल्याशी हिरव्याच्या छटेवरून दोन फेऱ्या भांडून. 'ज्याचं यंत्र, त्याचा हात.' मंडळाचा टी-शर्ट. छातीवर मंडळाचं नाव, पाठीवर हे वाक्य. पाठीवर कशाला, म्हणून तेव्हाही वाद झाला होता. मंडळात कशावरून वाद झाला नव्हता ते सांगणं सोपं. मागून एका बाईने "चला ना हो पुढे" म्हटलं तसा तो आत सरकला, लिफ्टच्या रांगेत उभा राहिला, आणि त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा, की कापड चांगलं होतं, अजून पाणी शोषतंय. दुसरा विचार यायला चौथा मजला उजाडला. म्हणजे कुणीतरी तो फडकं म्हणून देऊन टाकला होता.

सचिव हे त्याचं टोपणनाव. त्याला कुणी निवडून दिलं नव्हतं. मंडळाला अध्यक्ष नव्हता, खजिनदार नव्हता, पण खोलीची किल्ली आणायला, खुर्च्या मांडायला, वायरींचं जंजाळ सोडवायला आणि शेवटी दिवे मालवायला कुणीतरी लागतं, आणि ते कुणीतरी कायम तोच असायचा. एकदा कुणी थट्टेने सचिव म्हटलं आणि ते अंगाला चिकटलं. घरात बायकोही चिडली की "सचिवसाहेब" म्हणायची. घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजणारा नवरा मिळाला, हे तिचं वाक्य आधी हसत निघायचं, मग नुसतं निघायचं, आणि अलीकडे निघतच नव्हतं. पोटापाण्यासाठी तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत वेळापत्रकं लावायचा: कुठल्या इमारतीची लिफ्ट कधी तपासायची, कुठल्या मिस्त्रीला कुठे धाडायचं. कंपनीचे संगणक विकतच्या सॉफ्टवेअरवर चालायचे. सकाळी यंत्र सुरू केलं की पडद्यावर अटींचं भलंमोठं भेंडोळं यायचं आणि खाली 'मान्य आहे' असं बटण. बाहेर दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ज्या अटींविरुद्ध तो घसा कोरडा करायचा, त्या आत रोज सकाळी बिनबोभाट मान्य करायचा. याचं त्याला पूर्वी हसू यायचं.

मंडळ होतं मुक्त सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचं. ज्याची आतली रचना कुणालाही उघडून बघता येते, बदलता येते, शेजाऱ्याला देता येते, असं सॉफ्टवेअर. ते कुणी कुणाला विकत नाही, म्हणून शिकवायला दुकानही नाही. ज्याला येतं त्याने ज्याला येत नाही त्याला शिकवायचं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली होती. एके काळी शेवटच्या शनिवारी तिथे पाय ठेवायला जागा नसायची. लोक घरचे संगणक डब्यासकट उचलून आणायचे. एका गृहस्थाने तर नातवाच्या बाबागाडीतून आणला होता, वर दुपटं पांघरून. आणि या सगळ्या गर्दीत एक नियम होता, जो बाहेरच्याला विचित्र वाटायचा: शिकवणाऱ्याने आपले दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. तोंडाने सांगायचं, हाताने करायचं नाही. समोरचा कितीही चाचपडो, चुकीची कळ दाबो, घामाघूम होवो, त्याच्या यंत्राला आपलं बोट लागता कामा नये. त्यामुळे खोलीत जिकडे बघावं तिकडे पाच-दहा मोठी माणसं, वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखी, हात मागे घेऊन वाकून उभी असायची. नियम चष्मेवाल्याचा. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, आणि तो म्हणायचा, "मी गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा कधी ठेवत नाही. नाक त्याचं, कान त्याचे. त्यानेच घालायचा, त्यानेच सांगायचं कुठे टोचतंय. आपण घातला की तो 'छान आहे' म्हणतो, आणि महिनाभर डोकं धरून बसतो." सचिवाने त्याचं वाक्य केलं, आणि वाक्याचा टी-शर्ट.

आता काचा पुसायच्या कामी आलं ते वाक्य. दिवसभर वेळापत्रकं लावताना ते हिरवं त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. मंडळ बंद झालं, असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. तसं म्हणायला बैठक घ्यावी लागली असती आणि बैठकीला कुणी आलं नसतं. आधी दहाजण यायचे, मग सहा, मग सचिव, चष्मेवाला आणि वकील, आणि चष्मेवाला गेल्यावर नुसताच सचिव आणि वकील. दोघेजण लांबट खोलीच्या दोन टोकांना बसून आपापल्या लॅपटॉपवर आपापलं काम करायचे. मग एका शनिवारी वकील आला नाही, पुढच्या शनिवारी सचिव गेला नाही, आणि दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. जखम असती तर दिसली असती. हे केस गळण्यासारखं होतं. एके दिवशी आरशात बघितलं तर कपाळ मागे गेलेलं. त्या संध्याकाळी घरी न जाता तो तडक वाचनालयात गेला. वाचनालयाच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमचं कपाट आहे वर. त्याचंच विचारायला फोन करणार होते. ती खोली व्यायामाच्या वर्गाला हवी आहे." "मंडळ आहे अजून," सचिव म्हणाला, आणि आपल्याच आवाजाचं त्याला आश्चर्य वाटलं. बाई वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, "बरं, या शेवटच्या शनिवारी भरवा. पंधरा-वीस डोकी दिसू देत, म्हणजे मला वर सांगता येईल. नाहीतर कपाट रिकामं करा." परत येताना त्याच्या चालण्यात कित्येक दिवसांनी घाई होती. बायकोला त्याने जेवताना सांगितलं, पुन्हा सुरू करतोय. ती एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीशी बसायची आणि दिवसभर लोकांची नावं विचारून दमलेली असायची. "कर," ती म्हणाली आणि पाण्याचं भांडं पुढे सरकवलं. तिने भांडण काढलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

त्याने जुन्यांना फोन लावले. पहिला लावला तो मोठ्या कंपनीत गेलेल्याला. हा एके काळी मंडळाचा सगळ्यात तयार गडी, लोकांच्या यंत्रातली धुगधुगी नुसत्या पंख्याच्या आवाजावरून ओळखणारा. तो खूश झाला, खूप हसला, आणि म्हणाला, "अरे, पण आता कशाला? आपण जिंकलो ना! आमच्याकडे सगळं मुक्तच वापरतात. बँका वापरतात, विमानं वापरतात. तुझ्या खिशातल्या फोनमध्ये आत तेच आहे. लोकांना शिकवायचं काय उरलंय? सगळं आपोआप चालतं." सचिव म्हणाला, "आपोआप चालतं म्हणजे कुणाच्या हाताने चालतं?" "तू अजून तसाच आहेस," तो मायेने म्हणाला आणि शनिवारी मुलीची पोहण्याची शिकवणी असल्याचं सांगितलं. जिंकल्यावर लोक घरी जातात, हे सचिवाला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं होतं, जिंकल्यावर निदान एकदा सगळे भेटतील. दुसरा फोन वकिलाला. वकील खराच वकील होता आणि भेटायला तयारही होता, पण निमंत्रण कसं धाडायचं यावर गाडं अडलं. सगळं जग ज्या चॅटच्या ॲपवर होतं त्यावर एक ग्रुप काढला की दहा मिनिटांत गावभर झालं असतं. "त्यावर?" वकील ओरडला. "जे ॲप आपली आतली बाजू कुणाला दाखवत नाही, त्यावर मुक्त सॉफ्टवेअरचं निमंत्रण? म्हणजे दारूबंदीची सभा गुत्त्यात!" सचिवाचंही मत तेच होतं, तरी तो म्हणाला, "पण माणसं तिथे आहेत." "मग ती आपली माणसं नाहीत," वकील म्हणाला. तत्त्व म्हणजे तत्त्व. अखेर मंडळाच्या जुन्या मेल-यादीवरून निमंत्रण गेलं. ती यादी त्यांच्याच सर्व्हरवर होती, त्यांनीच बांधलेली, आत-बाहेर लख्ख उघडी. ती कुणी वाचत नव्हतं, एवढाच काय तो दोष. निमंत्रण मात्र सचिवाने जीव ओतून लिहिलं. या, असं लिहिलं. काही अडलं नसेल तरी या, असं लिहिलं, आणि पाठवून झाल्यावर ते एकट्याने तीनदा वाचलं.

शनिवारी दुपारी त्याने खुर्च्या मांडल्या. व्यायामाच्या वर्गाने भिंतीला आरसा लावला होता, त्यामुळे खुर्च्या दुप्पट दिसत होत्या. कपाटातून त्याने वायरी काढल्या, पाट्या काढल्या, धूळ झटकली. प्रोजेक्टर लावून पाहिला, तो लागला आणि भिंतीवर निळा चौकोन पडला. वकिलाचा मेल आला, तब्येत बरी नाही, पण तत्त्वतः सोबत आहे. चार वाजून गेले. सचिव पहिल्या खुर्चीवर बसला, मग मागच्या, मग उठून खिडकीपाशी गेला. खाली फुटपाथवरून माणसं जात होती, प्रत्येकाच्या हातात यंत्र, प्रत्येकजण त्यात मान घालून, आणि एकालाही वर बघायची गरज पडत नव्हती. याच लोकांसाठी आपण इतकी वर्षं... तो शब्द मनात आला आणि त्यालाच किळस आली. त्यांच्यासाठी कुठे? इथे आलं की कुणीतरी "सचिव, जरा इकडे या" म्हणायचं, म्हणून. ऑफिसात त्याला कुणी जरा इकडे या म्हणत नव्हतं. घरी तर नाहीच. लोकांना स्वावलंबी करायचं व्रत घेतलेल्या माणसाला लोक स्वावलंबी झाल्याचा एवढा राग का यावा? जिन्यावर पावलं वाजली तशी त्याने घाईघाईने चेहरा नीट केला. दारात चष्मेवाल्याची बायको उभी होती, छातीशी लॅपटॉपची पिशवी धरून.

"वहिनी?" तो म्हणाला. तिने रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं, मग आरशातल्या रिकाम्या खुर्च्यांकडे. "मी लवकर आले का, भाऊजी?" "नाही, नाही. बसा. येतील सगळे." ती बसली. चष्मेवाला जाऊन दोन वर्षं होत आली होती. सचिव तेव्हा भेटून आला होता. मंडळाचा आधारस्तंभ हरपला, असं काहीसं तिला म्हणाला होता आणि तिने मान डोलावली होती. त्यानंतर गाठ नव्हती. "तुम्हाला कसं कळलं?" त्याने विचारलं. "ह्यांच्या फोनवर आलं ना तुमचं. फोन मी चालू ठेवलाय, बँकेचं वगैरे त्यावर येतं. बाकी नुसत्या जाहिराती येतात, ह्यांना गुडघ्याचं तेल, ह्यांना परदेशची सहल. एवढ्यांत माणसाने लिहिलेलं तुमचंच होतं." म्हणजे यादीवरच्या एवढ्या पत्त्यांपैकी एकाच ठिकाणी निमंत्रण पोचलं, आणि तो पत्ता मेलेल्या माणसाचा. सचिवाला हसू फुटलं असतं, पण वहिनी पिशवीतून लॅपटॉप काढत होती. चष्मेवाल्याचाच, झाकणावर मंडळाचं हिरवं स्टिकर असलेला. ती म्हणाली, "हा उघडून द्या. आमच्याकडे जुन्या व्हिडिओ कॅसेटी होत्या, मुलं लहान असतानाच्या. माझी आई आहे त्यांत, बोलतेय. ह्यांनी सुट्टीभर बसून सगळ्या यात घातल्या आणि कॅसेटी भंगारात दिल्या. म्हणाले, आता कधी खराब व्हायच्या नाहीत. दुकानात नेला, ते म्हणाले सगळं पुसून नवं करून देतो. मी म्हटलं, पुसायचं असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते! मग तुमचं ते आलं, काही अडलं नसेल तरी या. माझं तर अडलंय."

सचिवाने यंत्र सुरू करायला सांगितलं, आणि पडद्यावर जे आलं ते बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं, जरी तेच येणार हे त्याला पिशवी बघताच कळलं होतं. काळा पडदा, एक ओळ, पासवर्डची मागणी. हेही त्यांचंच काम. एका वर्षी मंडळाने कुलपाचा शनिवार केला होता. चष्मेवाल्याचं ते वेड. "घराला कुलूप लावता, मग याला का नाही?" म्हणत त्याने आल्यागेल्याला अख्खी डिस्क कुलूपबंद करायला शिकवली होती. साधं दारावरचं कुलूप नाही. आतला अक्षर न् अक्षर असा दळून ठेवायचा की पासवर्डावाचून पीठच हाती यावं. पोलीस आले तरी उघडणार नाही, कंपनी आली तरी नाही, यंत्र बनवणाऱ्यालाही नाही. लोक टाळ्या वाजवत होते. बायको आली तर, असं कुणी विचारलं नव्हतं. सचिवाने जपून विचारलं, "वहिनी, दुसरीकडे कुठे ठेवलं असेल ना? बॅकअप?" "आहे की, ती काळी डबी. तिलाही हेच विचारतं." अर्थात. बॅकअपलाही तेच कुलूप लावा, हे शिकवताना सचिव स्वतः फळ्याशी होता. "मग काय करायचं?" तिने विचारलं. "आठवून बघायचं," तो म्हणाला. "दुसरं काही नाही?" "दुसरं काही नाही." तिने मान हलवली आणि यंत्र त्याच्याकडे सरकवलं. "घ्या, बघा." सचिवाचे हात सवयीने मागे गेले. "तुम्हीच टाका, वहिनी." ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली, मग थोडीशी हसली. "हो. तुमचा तो नियम. घरीसुद्धा असेच उभे राहायचे हे, मला काही येत नसलं की. मी म्हणायची, एकदा करून द्या ना, मला शिकायचं नाहीये, मला फक्त बघायचंय."

तिने पहिल्यांदा मुलीचं नाव टाकलं. एका बोटाने, प्रत्येक अक्षर शोधून. नाही. मग मुलाचं. नाही. मग कुत्र्याचं, जो त्यांच्याकडे बरीच वर्षं होता. टाकता टाकता ती म्हणाली, "याचंच असेल बघा, याच्याशीच जास्त बोलायचे." नाही. काळा पडदा रागावत नव्हता, नुसतं पुन्हा विचारत होता. दुकानाचं नाव, लग्नाची तारीख, जुन्या घराचा रस्ता. सचिव हात मागे बांधून वाकून उभा होता. तिच्या मानेवर घामाचा एक थेंब होता, तो केसांत मुरला. प्रत्येक वेळी एंटर दाबताना ती श्वास धरायची आणि तोही. मग तिने काहीतरी टाकलं जे तिने आधी सांगितलं नाही, खांदा जरासा वळवून. सचिवाने तोंड फिरवलं तरी तिचं बोट कुठल्या कळांवर पडतंय ते आरशात त्याला दिसलं, ते तिचं स्वतःचं नाव होतं. नाही. "माझं तर नाहीच," ती म्हणाली, सहज, भाजी संपली म्हणावं तसं. आणि त्याच क्षणी सचिवाला आपल्या आत काय आहे ते कळलं. त्याला पासवर्ड ठाऊक होता. निदान मघापासून, मुलीच्या नावापासून, त्याला खात्री होती की आपल्याला ठाऊक आहे. कुलपाच्या त्या शनिवारी, सगळे गेल्यावर, या खोलीत दोघांनी आपापल्या यंत्रांना कुलूप घातलं होतं. चष्मेवाला म्हणाला होता, "शब्द नको, लांब वाक्य हवं. मेलो तरी विसरणार नाही असं." सचिवाने मंडळाचंच वाक्य टाकलं होतं, सलग, मोकळी जागा न सोडता, आणि चष्मेवाल्याने त्याच्याकडे बघून डोळा मिचकावला होता. त्या मिचकावण्यावर सचिव इतकी वर्षं जगला होता. दोन यंत्रं, एक वाक्य. कुणाला सांगायचं नाही, विचारायचंही नाही.

मग सांगत का नव्हता? तिला लागेल म्हणून, असं त्याने स्वतःला सांगितलं. नवऱ्याचं सगळ्यात आतलं दार तिच्या नावाने नाही, पोरांच्या नावाने नाही, एका मंडळाच्या घोषवाक्याने उघडतं, हे तिने बघावं का? पण हे कारण त्याने जितकं उलटसुलट केलं तितकी त्याच्याखाली दुसरीच चीज हाताला लागत गेली, ओलसर आणि कोमट. त्याला आनंद होत होता. प्रत्येक 'नाही'ला त्याला आत कुठेतरी बरं वाटत होतं. मुलगी नाही, मुलगा नाही, बायको नाही. म्हणजे आपण. मंडळ मेलं, खोली गेली, टी-शर्टाचं फडकं झालं, तरी एका माणसाच्या आत ते सगळ्यात खोल जागी होतं, आणि ती जागा फक्त सचिवाला माहीत आहे. वहिनी दमून मागे टेकली. "राहू द्या," ती म्हणाली, "त्यांचे कपडे दिले तसं हेही कुणाला तरी देऊन टाकते." तेव्हा कुठे सचिव बोलला. "वहिनी, एक टाकून बघता? आमचं ते वाक्य." "कुठलं?" त्याने सांगितलं. ती त्याच्याकडे वळून बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं हिशेब लागल्यासारखं काहीतरी. "हो," ती हळूच म्हणाली, "असेल बाई. तेच असेल." त्याने एकेक इंग्रजी अक्षर सांगितलं, तिने एकेक अक्षर टाकलं. वाक्य लांब होतं. शेवटी तिने एंटर दाबलं, आणि सचिवाने डोळे मिटले नाहीत, उलट मोठे केले.

नाही. "चुकलं असेल काहीतरी," तो म्हणाला. "पहिलं अक्षर मोठं करा." नाही. "जागा सोडून बघा." नाही. "शेवटी टिंब." नाही. "सरका जरा," सचिव म्हणाला, आणि त्याचे हात पुढे आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दुसऱ्याच्या यंत्रावर त्याचे हात पडले, आणि पडले ते धाड धाड पडले. वाक्य सलग, वाक्य तोडून, वाक्य उलटं, मंडळाचं नाव, मंडळाच्या स्थापनेचं वर्ष, सचिव हा शब्द, हो, सचिव हाही शब्द त्याने टाकला, आणि वहिनी खुर्ची मागे ओढून त्याच्या त्या वाकलेल्या पाठीकडे बघत होती. काळा पडदा शांतपणे पुन्हा विचारत होता. कळा बडवता बडवता त्याला त्या दिवसाचा आवाज ऐकू आला. चष्मेवाला पासवर्ड टाकत होता तेव्हा शिरस्त्याप्रमाणे त्याने छताकडे तोंड केलं होतं, आणि कानावर आलं होतं ते एवढंसंच: चार-पाच खटके आणि एंटर. वाक्य तेवढ्यात मावत नाही. शब्द होता. छोटासा, कुठलातरी, स्वतःच शिकवलेला नियम मोडून टाकलेला शब्द. हा आवाज त्याच्याकडे तेव्हापासून होता. मिचकावलेला डोळा तेवढा त्याने जपला आणि खटके सोडून दिले. "राहू द्या, भाऊजी," वहिनी म्हणाली. तो थांबेना. "अहो, राहू द्या. मोडेल ते." मग तो थांबला. तिने लॅपटॉप मिटला आणि पिशवीत घातला. दारापाशी ती म्हणाली, "काम मात्र चोख केलंत हं तुम्ही लोकांनी." त्यात टोमणा असता तर त्याला उत्तर देता आलं असतं. ती खरंच तसं म्हणत होती.

खुर्च्या त्याने आवरल्या, वायरी गुंडाळल्या, आणि किल्ली वाचनालयाच्या बाईंच्या टेबलावर ठेवली. त्यांनी किती आले ते विचारलं नाही, म्हणून त्याला त्यांची चीड आली. कपाटातल्या वस्तूंचं काय, असं त्यांनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला की व्यायामवाल्यांना लागतील तर वापरू देत, टी-शर्टांचा एक गठ्ठा आहे, घाम पुसायला चांगला. घरी पोचला तेव्हा अजून उजेड होता. बायको पलंगावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन बसली होती. तो दाराला टेकून उभा राहिला. तिने विचारलं नाही तरी त्याने सांगितलं, वहिनींचं, कुलपाचं, कॅसेटींचं. वाक्याचं सांगितलं नाही. मग त्याला वाटलं, आता हिला सांगायला हवं. आपण उद्या गेलो तर हिने काळ्या पडद्यासमोर बसून अंदाज करत राहू नये. स्वतःचं नाव टाकून बघू नये. असं वाटलं तेव्हा त्याला बायकोबद्दल फार माया वाटली. "माझ्याही यंत्राला कुलूप आहे," तो म्हणाला. "तुला सांगून ठेवतो. आमचं ते वाक्य..." "टी-शर्टावरचं," ती म्हणाली. "ठाऊक आहे." तिने एक उशीचा अभ्रा चौकोनी केला आणि बाजूला ठेवला. "कधीपासून?" त्याने विचारलं. "आई गेली तेव्हापासून. तिचा एक फोटो काढला होतास तू गॅलरीत. तो हवा होता. मागायला तू घरी कुठे होतास? कुठेतरी कुणाला तरी शिकवायला गेला होतास. तुझ्या डोक्यात दुसरं वाक्य असतं का कधी? पहिल्याच फटक्यात उघडलं."

"बोलली नाहीस," तो म्हणाला. "काय बोलायचं?" "फोटो मिळाला?" "नाही." ती पुढचा कपडा शोधत होती. "मंडळाचे होते सगळे. खोलीचे. खुर्च्यांचे. त्या प्रोजेक्टरचे सुद्धा होते रे, वेगवेगळ्या बाजूंनी काढलेले. म्हटलं बघू तरी, माझं काही आहे का. एक दिवसभर बघत बसले. मग बंद केलं." तिने हे सांगितलं तेही दवाखान्याच्या खिडकीतून सांगावं तसं, पुढच्या माणसाकडे बघत. सचिव काहीतरी म्हणणार होता. फोटो दुसऱ्या डिस्कवर असेल, शोधतो, असं म्हणणार होता, पण अशी दुसरी डिस्कच नव्हती हे त्याला माहीत होतं आणि बहुधा तिलाही. बायकोने ढिगातून चादर ओढली, उभी राहिली आणि चादरीची दोन टोकं त्याच्याकडे केली. तो तसाच उभा. "हात कशाला मागे बांधलेस?" ती म्हणाली. "धर हे." त्याने हात पुढे आणले आणि टोकं धरली. चादर दोघांमध्ये ताणली, एकदा झटकली, मग ती तिची टोकं घेऊन त्याच्या अगदी जवळ आली, इतकी जवळ की तिच्या बोटांना येणारा साबणाचा वास त्याला आला, आणि तिने त्याच्या हातातली टोकं आपल्या हातात घेतली. तो धरूनच होता.

"झालं," ती म्हणाली. "सोड आता."